विमान थांबलं, माणसं बोलती झाली

मागच्या जानेवारीत आम्ही तिघी दिल्लीहून नागपूरला परत येत होतो. सकाळी ७ वाजून १० मिनिटांचं विमान संध्याकाळी ४ वाजून २० मिनिटांनी उडालं. मधले नऊ तास गेटसमोरच्या खुर्च्यांवर गेले. आरोग्याच्या पानावर प्रवासाची गोष्ट कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण त्या नऊ तासांत आजारपणाबद्दल जे ऐकायला आणि पाहायला मिळालं, ते वॉर्डात पंधरा वर्षं काढूनही आम्हाला मिळालं नव्हतं.

आता आपल्या वस्तीतली माणसंही विमानानं जाऊ लागली आहेत. मुलगा पुण्याला, बंगळुरूला, गुडगावला नोकरीला लागतो आणि आईबापाला तिकीट काढून पाठवतो. आईबाप नवे कपडे घेतात, शेजारून चाकांची बॅग मागून आणतात आणि शुगर-बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेत सगळ्यात खाली ठेवतात. बॅग काउंटरवर जमा होते. आता ती थेट नागपूरला मिळणार, आणि गोळ्याही.

आमच्यात एक आशाताई होती. दुसरी वस्तीतल्या बचत गटाची मावशी, साठी ओलांडलेली, पहिल्यांदाच विमानात बसणारी. आणि नोकरी सोडून याच कामात पडलेल्या आम्ही. बायकांच्या आरोग्यावर दिल्लीत एक बैठक होती, तिकिटं बोलावणाऱ्यांनीच काढली होती. पहाटे साडेतीनला खोली सोडली. बाहेर अशी थंडी की मावशीनं साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल आणि शालीवर आमचीही शाल घेतली होती. तपासणीत तिची लोणच्याची बाटली काढून घेतली. हातातल्या सामानात लोणचं चालत नाही, हे आम्हालाही माहीत नव्हतं. चपात्या आणि तिळाचे लाडू मात्र सुटले.

मावशीला सगळ्यात नवल वाटलं ते शांततेचं. दिल्लीहून रेल्वेनं निघालं की झाशी येईपर्यंत डब्यातल्या सगळ्यांची घरंदारं माहीत होतात. कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाच्या शेताचा दावा, कुणाचं ऑपरेशन. इटारसीला तर एकमेकांच्या डब्यातली भाजी खाऊन होते. इथे दीडशे माणसं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली. "इथं कोणी मेलं तरी बाजूच्याले समजणार नाही," मावशी म्हणाली. आम्ही हसलो.

आधी पाटीवर ८:३० झालं, मग १०, मग नुसतंच 'उशीर'. कारण धुकं. हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानात रात्री आभाळ मोकळं असतं, वारा पडलेला असतो, जमीन गारठते आणि तिच्यालगतच्या हवेतली वाफ थिजून तिचे बारीक थेंब होतात. ऊन चढलं की ते विरतं, पण डिसेंबर-जानेवारीत कधी कधी दुपार उजाडावी लागते. दिल्लीच्या धावपट्टीवर अगदी ५० मीटरपर्यंतच दिसत असलं तरी विमान उतरवता येईल अशी यंत्रणा आहे. मात्र विमानातही तशी यंत्रं हवीत आणि वैमानिकाचंही तसं प्रशिक्षण झालेलं हवं. आमचं विमान दुसऱ्या शहरातून यायचं होतं, ते तिथून निघालंच नव्हतं.

एकदम 'नऊ तास उशीर' असं सांगितलं असतं तर माणसं जेवली असती, पाय मोकळे करून आली असती. पण तासातासानं पुढे ढकललं की कुणी जागेवरून हलत नाही. आता बोलावतील, मग बोलावतील. बायका लघवी दाबून बसतात आणि ती लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. आपल्या बायकांना ही सवय जुनीच. संडास लांब, रांग मोठी, रात्री अंधार. लघवीची जळजळ घेऊन आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींची सुरुवात इथूनच झालेली असते. गेटजवळ स्वच्छ संडास आणि शेजारी पिण्याच्या पाण्याचा फुकटचा नळ होता, तरी आम्ही तिघीही तसंच करत होतो.

आता आमची चूक सांगतो. आमच्या शेजारच्या खुर्चीवर पन्नाशी-साठीच्या एक बाई होत्या. अंगावर भारी शाल, पायात बूट. फोनवर मराठी बोलत होत्या, म्हणजे नागपूरच्याच. साडेपाचपासून साडेआठपर्यंत आम्ही त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. का? खरं सांगायचं तर बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. नाव विचारतात, मग आडनाव, मग "कोणत्या भागात राहता?" भाग सांगितला की समोरच्याचा चेहरा थोडासा बदलतो. तो बदल पाहण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं आपण लहानपणापासून शिकलेलो असतो. आमच्या मनानं त्या बाईंची बाजू परस्पर ठरवूनही टाकली होती.

मावशीला हे हिशेब करायचे नव्हते. तिनं पिशवीतला लाडू काढला. "घ्या बाई, संक्रांतीचे आहेत. तुमीबी नागपूरच्याच का?"

"नको म्हटलं ना! कळत नाही का एकदा सांगून?" बाई ओरडल्याच. त्यांना कुणी एकदाही विचारलेलं नव्हतं.

मावशीचा हात तसाच राहिला. आशाताईचं तोंड लाल झालं. आम्हालाही वाटलं, बघा, म्हणूनच बोलत नव्हतो. आम्ही मान फिरवणारच होतो, तेवढ्यात त्यांच्या कपाळाकडे लक्ष गेलं. एवढ्या थंडीत कपाळ घामानं डबडबलेलं. शाल खाली घसरली होती आणि पदर सावरणारी बोटं थरथरत होती. त्यांनी फोन कानाला लावला, तोही उलटा.

"बाई, तुम्हाला शुगर आहे का?"

त्यांनी नुसतं पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "सकाळी इंजेक्शन घेतलं. नाश्ता विमानात करीन म्हटलं."

पहाटे साडेचारला इन्सुलिन घेतलं आणि पोटात काहीच नाही. इन्सुलिनला विमान लेट आहे हे कळत नाही, ते आपल्या वेळेला काम करतं. रक्तातली साखर खाली गेली की घाम, कंप, धडधड होते, भूक लागते. पण माणूस चिडतो, तिरसट बोलतो, गोंधळतो हेही त्यातच येतं. हे आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षात पाठ केलेलं. गेटवर मात्र तो राग आम्हाला आजाराचा वाटला नाही, माज वाटला.

समोरच्या रांगेत रजेवर निघालेला एक फौजी बसला होता. तो उठून पळत चहाच्या दुकानातून साखरेच्या पुड्या घेऊन आला. आम्ही चार पुड्या अर्ध्या पेल्या पाण्यात ढवळून बाईंना घोट घोट पाजल्या. मावशी लाडू पुढे करत होती, तिला थांबवलं. तिळात तेल असतं आणि तेलातुपाबरोबरची साखर रक्तात उशिरा पोचते. अशा वेळी नुसती साखर, गूळ, ग्लुकोज किंवा गोड सरबत हवं. साधारण तीन चहाचे चमचे साखर. पंधरा मिनिटं थांबायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. एका कुशीवर वळवायचं आणि मदत बोलवायची.

मोठ्या विमानतळावर वैद्यकीय कक्ष असतो. आशाताईनं गेटवरच्या कर्मचाऱ्याला सांगून तिथल्या माणसांना बोलावलं. ते येईपर्यंत बाई सावरल्या होत्या, तरी शुगर ६८ निघाली. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. पुन्हा साखरपाणी दिलं, थोड्या वेळानं १०२ आली. मग मावशीच्या दोन चपात्या त्यांनी सुक्या चटणीबरोबर खाल्ल्या. डबा कुणाचा हे विचारलं नाही. मावशीनं हे लक्षात ठेवलं आणि घरी येऊन चार जणींना सांगितलं.

बाई निवृत्त शिक्षिका निघाल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं काम त्यांनी मावशीची माफी मागण्याचं केलं. दुसरं, फौजीला बरोबर घेऊन काउंटरवर जाण्याचं. अडीच तासांपर्यंतच्या विमानप्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर प्रवाशांना खाणंपिणं द्यावं, असं विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो. धुक्यासारखं हाताबाहेरचं कारण असलं की नुकसानभरपाई मात्र मिळत नाही आणि कंपनी त्याकडेच बोट दाखवते. बाईंनी वर्गात बोलतात त्या आवाजात कर्मचाऱ्याला एवढंच विचारलं, "इथे मधुमेहाची किती माणसं आहेत, तुम्ही मोजलीत का?" अकरा वाजता सगळ्यांना खोकी मिळाली. त्यात एक सँडविच आणि रसाचा डबा. रसाच्या डब्यात साखर किती असते ते आम्ही पुढच्या लेखात लिहू, पण त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही. दुकानातल्या चहाचा भाव ऐकून मावशीनं कप परत ठेवला होता. कोलकात्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ पासून १० रुपयांत चहा मिळू लागला आहे. असं सगळीकडे व्हायला हवं.

त्यानंतर ती रांग रेल्वेचा डबाच झाली. खुर्च्या फिरवता येत नव्हत्या, म्हणून काही जण खालीच बसले. एक तरुण आई सात महिन्यांच्या बाळाला ओढणीखाली पाजायचा प्रयत्न करत होती, बाळ रडून रडून लाल झालेलं. सफाई करणाऱ्या एका ताईनं तिला हाताला धरून बाळाच्या खोलीत नेलं. पंचवीस पावलांवर दार होतं, सकाळपासून कुणी सांगितलं नव्हतं. फौजी दर तासाला सगळ्यांना उभं करायचा. आम्ही त्याला टाचा वर-खाली, पंजे आत-बाहेर असा व्यायाम सांगितला होता, तो त्यानं परेडच करून टाकला. तासन्‌तास पाय लोंबकळत बसलं की पोटरीतल्या शिरांत रक्त साकळू शकतं. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणारी बाई यांना हा धोका जास्त. एका पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर ती चोळायची नाही, दवाखान्यात दाखवायची.

बाराच्या सुमारास चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. गुडगावला कॉम्प्युटरची नोकरी, घर भंडारा जिल्ह्यात. हळूच म्हणाला, "सिस्टर, एक विचारू? कोणाला सांगू नका." सकाळपासून त्याच्या मांडीत आणि कमरेत ठणका होता. सिकलसेल, एसएस पॅटर्न. ऑफिसात कुणाला माहीत नाही, खोलीवरच्या मित्रांनाही नाही. दुखलं की पाय मुरगळला म्हणून सांगतो. पहाटेची थंडी, पोटात काही नाही आणि पाणी फक्त दोन घोट. सिकलसेलच्या माणसाला दुखणं ओढवून घ्यायचं असेल तर याहून वेगळं काही करावं लागत नाही.

विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, आपल्यात आहे, शेजारच्या इतर समाजांतही आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून ठणका. पाणी कमी पडणं, थंडी, ताप, अतिश्रम यांनी तो उठतो. विमान कितीही उंच गेलं तरी आतली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावी तशी ठेवलेली असते, म्हणजे प्राणवायू थोडा कमीच. म्हणून एसएसच्या माणसानं उडण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, चिठ्ठी जवळ ठेवावी आणि दुखणं चालू असताना कुणाला न सांगता विमानात चढू नये.

आम्ही त्याला परत वैद्यकीय कक्षात नेलं, कारण हे नर्सनं एकटीनं ठरवायचं नसतं. ताप नव्हता, छातीत दुखणं नव्हतं, धाप नव्हती, प्राणवायू ९७ भरला. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली, पाणी पीत राहायला आणि ऊब धरायला सांगितलं. दोन तासांनी पाहून मग चढू देऊ म्हणाले. मावशीनं आपल्या अंगावरच्या दोन्ही शाली त्याच्या पायांवर घातल्या आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"पाणी काहून नाही पीत, बाबू?"

"सवय नाही, मावशी."

मावशी जरा वेळ गप्प बसली. मग त्याच्याकडे न पाहताच म्हणाली, "माह्या नातीलेबी हेच आहे. एसएस."

आम्ही आणि आशाताई दोघीही तिथेच होतो. मावशीबरोबर सहा वर्षं काम करतोय. नात आमच्या अंगणात खेळून मोठी झालेली, आता बारावीला. तिला अधूनमधून 'वाताचं दुखणं' होतं, एवढंच आम्हाला ठाऊक. आशाताईनं स्वतः घरोघरी जाऊन सिकलसेलची नोंद केली होती आणि तिच्या रजिस्टरात मावशीच्या घरासमोर 'नाही' लिहिलेलं होतं. ती काही बोलली नाही. नुसती खाली बघत राहिली.

मावशी मुलाला सांगत होती. पोरगी दहा वर्षांची असताना मोठ्या दवाखान्यात कळलं. तिच्या बापानं सांगितलं, वस्तीत बोलायचं नाही, उद्या लग्नाचं काय? दवाखान्यातून हायड्रॉक्सियुरियाची गोळी मिळाली होती. पण औषधाच्या दुकानात कुणी म्हणालं, ही तर कॅन्सरची गोळी. आणखी कुणी म्हणालं, केस जातात. वर्षभरात बंद केली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पोरगी चार-चार दिवस अंथरुणात. "मले कोणाले विचारताच येईना," मावशी म्हणाली. आम्ही तिच्या घरापासून चार घरं सोडून राहतो.

मुलानं खिशातून पाकीट काढलं. तीच गोळी. चार वर्षांपासून घेतोय म्हणाला. आधी वर्षातून पाच-सहा वेळा भरती व्हावं लागायचं, गेल्या वर्षी एकदाच. ही गोळी कॅन्सरच्या काही आजारांतही देतात हे खरं आहे. सिकलसेलमध्ये ती लहान बाळाच्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात. ती मनानं घ्यायची नाही आणि मनानं बंदही करायची नाही. ठरल्या दिवशी रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. हे सगळं आम्ही सांगू शकलो असतो. सहा वर्षांत कधीही. पण मावशीनं ते ऐकलं एका अनोळखी मुलाकडून. त्याला तिची गल्ली माहीत नव्हती आणि तो संध्याकाळी भंडाऱ्याला निघून जाणार होता.

आम्हाला राग आला होता, ते कबूल करतो. मग वाटलं, वस्तीत सांगितलेली गोष्ट वस्तीतच राहते. आमच्या तोंडून नाही, तरी आमच्या दारात कोण येतं-जातं यावरून गल्लीला कळतं. सिकलसेल दोष नाही, पाप नाही, हे आम्ही पथनाट्यातून ओरडून सांगतो. आई आणि बाप दोघेही एएस असले तर प्रत्येक वेळी मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, हे फळ्यावर काढून दाखवतो. पण मावशीला गणित नको होतं. कुणाच्याच गावच्या नसलेल्या खुर्चीवर बसून एकदा बोलून टाकायला हवं होतं.

चारच्या आधी डॉक्टरांनी मुलाला परत पाहिलं आणि चढायची परवानगी दिली. विमानात आमच्या जागा लांब लांब होत्या. फौजीनं अदलाबदल करून मुलाला मावशीजवळ बसवलं. बाईंनी बॅगेतून उतरल्यावर इन्सुलिन काढून आम्हाला दाखवलं. आता पुढच्या वेळी ते हातातल्या पर्समध्ये ठेवणार, चिठ्ठीसकट. पोटातल्या सामानाच्या कप्प्यात गारठ्यानं ते खराब होऊ शकतं, आणि जेवण समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, हेही त्यांनी आमच्याकडून वदवून घेतलं. शिक्षिकाच त्या.

गावी आल्यावर पंधरा दिवसांनी मावशी नातीला घेऊन सकाळीच आमच्या दारात उभी राहिली. दुपारी यायला सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ती गर्दीच्या वेळीच आली. आम्ही तिघी नातीबरोबर मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथे तपासणीला पैसे लागले नाहीत. शासनानं १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं आहे, तेव्हापासून कार्डही मिळतं. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचं नाव आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठीही अर्ज करता येतो. डॉक्टरांनी रक्त पाहून गोळी पुन्हा सुरू केली. आशाताईनं रजिस्टर उघडलं, 'नाही' खोडलं आणि मावशीकडूनच तिथे सही घेतली. हे सगळं मावशीला आणि त्या मुलाला वाचून दाखवूनच इथे लिहीत आहोत. नावं त्यांनी घालू दिली नाहीत, ते बरोबरच आहे.

मुलाचा नंबर मावशीकडे होता. तिनं नातीला फोन लावून दिला आणि आपण बाहेर जाऊन बसली. नातीनं त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, "दादा, गोळीनं केस खरंच जातात का?" थोडे पातळ होऊ शकतात, असं त्यानं सांगितलं आणि लगेच स्वतःचा फोटो पाठवला. कपाळावर एवढी मोठी झुलपं की नातीनं तो फोटो आमच्या तोंडासमोर नाचवला.